पुण्यातील ‘स्वच्छ’ची कचरासंकलन सेवा : ग्राहक कोण, मालक कोण?

पुण्याच्या बऱ्याच मोठ्या भागात नव्या घरात राहायला गेल्यावर पाणी, वीज आणि गॅस यांच्या जोडीने आणखी एक सेवा, अर्ज न करता, दारात येऊन उभी राहते. सकाळी हातमोजे घातलेली एखादी बाई इमारतीच्या फाटकापाशी ढकलगाडी लावते, बादल्या घेऊन जिना चढते, प्रत्येक दारातून ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घेते आणि महिन्याच्या सुरुवातीला ठरलेले शुल्क मागते. ही सेवा ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेची आहे. संस्थेच्या सभासद कचरावेचक आहेत, आणि त्यांतील बहुतेक महिला आहेत. या सेवेविषयी मी येथे लिहितो आहे तो केवळ तिच्या वक्तशीरपणाबद्दल नव्हे. तिच्यामागे एक कामगार संघटना आहे, आणि त्या संघटनेने मालक नावाच्या माणसाशी, किंवा त्याच्या अभावाशी, ज्या रीतीने व्यवहार केला आहे ती रीत ही सेवा घेणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असली पाहिजे असे मला वाटते.

आधी सेवेविषयी. दारातून कचरा उचलला की तिचे काम संपले, असा बहुतेक रहिवाशांचा समज असतो. प्रत्यक्षात कामाचा मोठा भाग त्यानंतर सुरू होतो. इमारतीच्या कोपऱ्यात किंवा रस्त्याकडेला बसून ती सुका कचरा पुन्हा निवडते. पुठ्ठा, कागद, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, पत्रा आणि काच यांचे वेगळे ढीग लागतात, ते भंगारवाल्याकडे जातात आणि त्याचे पैसे तिचे होतात. ओला कचरा सोसायटीत खतखड्डा असेल तर तेथे जातो, नसेल तर महापालिकेच्या गाडीपर्यंत ढकलत न्यावा लागतो. ज्याला बाजारात भाव नाही असा उरलेला माल, म्हणजे चिप्सची पाकिटे, थर्माकोल, फाटकी पायपुसणी, हाही गाडीच्या ठिकाणापर्यंत तिलाच पोहोचवावा लागतो. त्याबदल्यात घरामागे महिन्याला जे शुल्क पडते ते आमच्या इमारतीत शंभर रुपयांच्या आत आहे. महिनाभर रोज दारात येणारी याहून स्वस्त सेवा माझ्या माहितीत नाही. वृत्तपत्राचे महिन्याचे बिलही याहून जास्त होते. कामाच्या दर्जाबद्दल बोलायचे तर मला ही सेवा चांगली वाटते, आणि घंटागाडीच्या तुलनेत तर निश्चितच सरस वाटते, कारण घंटागाडीपर्यंत आपण जातो आणि तेथे आपल्या डब्यात काय आहे हे कोणी पाहत नाही. येथे मात्र दारातच बादलीचे झाकण उघडते, आणि भाजीच्या देठांत सापडलेली वापरलेली बॅटरी आपल्या हातात परत मिळते.

या दोन मिळकतींचे, म्हणजे शुल्काचे आणि भंगाराचे, गणित लक्षात घेतल्याशिवाय तिचे आणि आपले नाते समजत नाही. ती महापालिकेची नोकर नाही, कारण तिला पालिकेचा पगार मिळत नाही. ती ठेकेदाराचीही नाही, कारण मध्ये ठेकेदारच नाही. सोसायटीने तिला नेमलेले नाही, त्यामुळे ती सोसायटीची कर्मचारी नाही. तरीही पालिकेचा तिच्या संस्थेशी लेखी करार आहे, सोसायटी तिला शुल्क देते आणि तिच्या पाठीशी नोंदणीकृत कामगार संघटना उभी आहे.

मराठी माणसाच्या मनात युनियन हा शब्द आला की जे चित्र उभे राहते ते बहुधा गिरणगावाचे असते. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप त्या चित्राच्या मध्यभागी असतो. पुणेकरांना त्याच्या जोडीला १९८९ साली टेल्कोच्या (पुढच्या टाटा मोटर्सच्या) कामगारांनी राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली शनिवारवाड्यावर केलेले उपोषण आणि पोलिसांनी त्यांना तेथून उचलून नेणे आठवते. या दोन्ही लढ्यांत एक गोष्ट गृहीत होती : मालक कोण हे सर्वांना माहीत होते. त्याला नाव होते आणि कारखान्याला फाटक होते, त्यामुळे सभा कोठे घ्यायची आणि निवेदन कोणाच्या टेबलावर ठेवायचे हा प्रश्न नव्हता. उकिरड्यावर कागद वेचणाऱ्या बाईला असे फाटक नव्हते. तिने संप केला तर तो कोणाविरुद्ध, हे तिलाही सांगता आले नसते. भंगारवाल्याने वजनात मारले तर तक्रार कोणाकडे करायची, हेही नाही.

पुण्यातील कचरावेचकांपैकी अनेक कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आली. त्यांतील बहुसंख्य भूमिहीन आणि दलित जातींमधील होती, आणि जातीने जे काम पूर्वापार माथी मारले होते त्याच्या जवळपासचेच काम शहरानेही त्यांना दिले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या महिलांमध्ये काम करू लागल्या. साक्षरतेच्या वर्गापेक्षा आधी गरज आहे ती कमाईची, आणि कचरा थेट घरांतून, वेगळा केलेला मिळाला तर ती वाढेल आणि कचऱ्याच्या कंटेनरमध्ये उतरावे लागणार नाही, हे त्यातून पुढे आले. मग महिलांना ओळखपत्रे देऊन काही वस्त्यांत त्याची सोय झाली. थोड्याच काळात त्याच भागात एका खासगी उद्योजकाने गाड्या लावून दारोदार कचरा गोळा करण्याचा धंदा सुरू केला, आणि ज्या कचऱ्याला कोणी हात लावत नव्हते त्याला अचानक दावेदार मिळाला. या धक्क्यातून संघटनेची गरज उघड झाली. १९९३ साली शेकडो कचरावेचकांच्या मेळाव्यात ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. तिच्या मागे डॉ. बाबा आढाव होते, आणि ते त्या वेळेपर्यंत जवळजवळ चार दशके हमालांचे संघटन करत आलेले होते.

हा धागा महत्त्वाचा आहे. नाना पेठ, भवानी पेठेतील आणि पुढे मार्केट यार्डातील हमालाचीही अडचण हीच होती, की आज या आडत्याचे पोते, उद्या त्या आडत्याचे. मग मालक कोण? बाबा आढावांची हमाल पंचायत आणि मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी चळवळ यांच्या रेट्यातून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्याने या प्रश्नाला एक व्यावहारिक उत्तर दिले. प्रत्येक व्यापाऱ्याला स्वतंत्रपणे मालक ठरवण्याच्या भानगडीत न पडता कायद्याने एक मंडळ उभे केले. त्यात कामगारांचे, मालकांचे आणि शासनाचे प्रतिनिधी बसतात. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरलेली जादा रक्कम, मंडळात भरतो, आणि मंडळ त्यातून मजुरी, भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा यांची व्यवस्था लावते. मालक विखुरलेले असले तरी जबाबदारी एका खात्यात गोळा करता येते, हे त्या कायद्याचे खरे शहाणपण होते. या कायद्याच्या नावाखाली काही ठिकाणी खंडणीवजा ‘वाराई’ उकळली जाते अशी उद्योजकांची तक्रार असते, आणि ती सर्वस्वी निराधार नाही. पण त्या गैरप्रकारांमुळे मूळ रचनेचे शहाणपण कमी होत नाही.

कचरावेचकांना असे मंडळ मिळाले नाही. त्यांच्या बाबतीत मालकाच्या जागी कोण आहे हे शोधायला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने दुसरी वाट धरली आणि बोट महापालिकेकडे दाखवले. शहर स्वच्छ ठेवणे हे पालिकेचे कायदेशीर कर्तव्य आहे. आम्ही जेवढा कचरा वेचून पुनर्वापराकडे वळवतो तेवढा पालिकेला वाहून न्यावा लागत नाही. म्हणजे आम्ही पालिकेचेच काम फुकट करत आहोत, असा हा युक्तिवाद होता. तो कागदावर मांडण्यासाठी २००१ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी अभ्यासही झाला. मोर्चे काढून घोषणा देण्याबरोबरच आपल्या श्रमाचा हिशेब समोरच्याच्या अंदाजपत्रकाच्या भाषेत मांडणे, ही या संघटनेची खासियत मला वाटते. तिच्या रेट्याने पुणे महापालिकेने ओळखपत्रांवर आपला शिक्का दिला आणि पुढे कचरावेचकांचा वैद्यकीय विमा उतरवला. ‘तुम्ही आमचे कोणीच नाही’ असे म्हणणारी यंत्रणा विम्याचा हप्ता भरू लागली, की नाते मान्य झालेच म्हणायचे, मग त्याला कोणी काहीही नाव देवो.

केंद्र सरकारच्या २००० सालच्या घनकचरा नियमांनी घराघरांतून कचरा गोळा करणे पालिकांना बंधनकारक केले आणि तो जुना धोका नव्या, मोठ्या रूपात परत आला. हे काम पालिका एखाद्या कंपनीला देणार असेल, तर वेचकांचा कच्चा माल त्यांच्या डोळ्यांदेखत बंद गाडीतून निघून जाणार होता. पंचायतीला येथे दोन गोष्टी करता आल्या असत्या. कंपनी आल्यावर तिच्याविरुद्ध लढणे ही पहिली, आणि कंपनी यायच्या आधीच ते काम आपल्या सभासदांसाठी मिळवणे ही दुसरी. तिने दुसरी निवडली. प्रायोगिक काम झाल्यानंतर २००७ साली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था नोंदवली गेली आणि २००८ साली महापालिकेशी तिचा पाच वर्षांचा करार झाला. पालिकेने हातमोजे, बादल्या, ढकलगाड्या यांची आणि देखरेखीच्या खर्चाची तरतूद करायची, नागरिकांनी शुल्क थेट कचरावेचकाला द्यायचे, आणि सुक्या कचऱ्यावर हक्क वेचकाचा राहायचा, असा त्याचा गाभा होता.

या वाटेचे वेगळेपण मुंबईशी तुलना केली की नीट दिसते. बृहन्मुंबई महापालिकेने सफाईचे मोठे काम ठेक्यावर दिले आणि ठेकेदार संस्थांच्या पदरी राबणाऱ्या माणसांना स्वयंसेवक म्हणून दाखवले, म्हणजे वेतनाच्या कायद्यांतून सुटका. तेथील कचरा वाहतूक श्रमिक संघाने, मिलिंद रानडे यांच्या नेतृत्वाखाली, औद्योगिक न्यायाधिकरणाचा रस्ता धरला : ठेका हा देखावा आहे, खरा मालक पालिकाच आहे, तेव्हा आमच्या माणसांना पालिकेत कायम करा. ही लढाई वर्षानुवर्षे चालली आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याच्या बाजूने निर्णय दिला. कायम झालेल्या कामगाराला पगार, रजा, निवृत्तिवेतन, घर अशा ज्या गोष्टी मिळतात त्यांपुढे पुण्यातील वेचक बाईची मिळकत फारच थोडी आहे, हे मान्य केले पाहिजे. पण मुंबईच्या वाटेला दोन अटी होत्या. कामगार कोणाच्या तरी हजेरीपटावर, खोट्या का होईना, असावा लागतो. आणि निकाल लागेपर्यंत तग धरावा लागतो. पुण्याच्या वेचकांचे नाव कोणाच्याच हजेरीपटावर नव्हते. शिवाय पालिकेने भरती काढली असती तर वयाची, शिक्षणाची आणि कागदपत्रांची जी चाळणी लागली असती, तिच्यातून पन्नाशी ओलांडलेल्या, निरक्षर, जन्मतारखेचा दाखला नसलेल्या बायका बहुतेक गळाल्या असत्या. दोन्ही संघटनांनी आपापल्या माणसांची स्थिती ओळखून डाव टाकला, आणि कोणता श्रेष्ठ यावर चहाच्या टपरीवर होणाऱ्या वादात मी पडू इच्छित नाही.

पुण्याच्या मार्गाची किंमत मात्र सांगितली पाहिजे, कारण ग्राहकाला ती शुल्कात दिसत नाही. करार पाच वर्षांचा असतो, म्हणजे दर पाच वर्षांनी हजारो कुटुंबांची भाकरी सभागृहाच्या आणि स्थायी समितीच्या विषयपत्रिकेवर येते. पहिल्या कराराची मुदत संपल्यावर नवा करार रेंगाळला. २०२० च्या अखेरीस पुन्हा तेच झाले, त्या वेळी खासगी ठेकेदाराला काम देण्याची चर्चा जोरात होती, आणि ज्या बायकांनी करोनाच्या टाळेबंदीच्या महिन्यांत एकही दिवस शहर तुंबू दिले नव्हते त्यांना महापालिकेसमोर उभे राहून काम मागावे लागले. येथे संघटना आणि सहकारी संस्था या दोन वेगळ्या नोंदणी असण्याचा उपयोग दिसतो. ‘स्वच्छ’ला पालिकेशी रोजचा व्यवहार करायचा असतो, बैठकीला बसायचे असते, तक्रारींना उत्तरे द्यायची असतात, पंचायतीला मात्र त्याच पालिकेच्या दारात घोषणा देण्याची मोकळीक असते. एकाच बाईच्या पिशवीत दोन्हींची ओळखपत्रे असू शकतात. काही टीकाकारांना यात दुटप्पीपणा दिसतो. मला ते अगदी सरळ वाटते. कंपनीतही व्यवस्थापनाचा आणि युनियनचा कागद वेगळा असतोच, येथे फक्त व्यवस्थापनही कामगारांच्याच हाती ठेवण्याचा प्रयत्न आहे. अडचण आहे ती दुसरीकडे. शुल्क वाढवले तर नागरिक नाराज होतात आणि पालिकेला ठेकेदार आणायला निमित्त मिळते. शुल्क वाढवले नाही तर सभासदाचे घर चालत नाही. दोन्ही बाजूंची ही ओढ एकाच संस्थेच्या अंगावर येते, आणि साध्या युनियनला ती कधी सोसावी लागत नाही.

आता आपल्याकडे, म्हणजे रहिवाशांकडे, वळतो. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत शुल्कवाढीचा विषय निघाला तेव्हा एका सद्गृहस्थांनी विचारले, की घरातली कामवाली नीट काम करत नसेल तर आपण तिला काढतो, मग हिला का काढता येऊ नये? प्रश्न प्रामाणिक होता, आणि त्याचे उत्तर सभेत कोणाला नीट देता आले नाही. बदलता येते, पण संस्थेकडे तक्रार करून आणि तिची बाजू ऐकून. मनात आले म्हणून उद्यापासून येऊ नकोस, असे सांगता येत नाही. एवढ्यानेच पुष्कळांचा पारा चढतो. ज्या माणसांनी आयुष्यभर स्वतःच्या नोकरीत खातेनिहाय चौकशीशिवाय कोणाला काढता येत नाही या संरक्षणाचा लाभ घेतला, त्यांनाच ते संरक्षण आपल्या दारातल्या बाईला मिळालेले खुपते, ही गोष्ट मला त्या सभेत बसून विचित्र वाटत राहिली.

त्या वेळी संस्थेची एक कार्यकर्ती आणि आमच्या इमारतीत येणाऱ्या मावशी अशा दोघी समितीबरोबर बसल्या. बोलणी शुल्कावर सुरू झाली, पण मावशींची खरी तक्रार वेगळीच निघाली. “शंभरचे ऐंशी द्या नाहीतर नव्वद द्या,” त्या म्हणाल्या, “पण पुठ्ठा वॉचमनला जातो, बाटल्या खालच्या खाली भंगारवाल्याला जातात, आणि मला राहतो तो मऊ प्लास्टिकचा ढीग. त्याला कोण घेतंय, दादा?” ऑनलाइन खरेदीच्या खोक्यांचा डोंगर प्रत्येक सोसायटीत रोज तयार होतो. आमच्याकडे तो सुरक्षारक्षक विकत होता, आणि समितीने तो त्याचा वरचा खर्चपाणी म्हणून वर्षानुवर्षे चालू ठेवला होता. म्हणजे आम्ही एका कष्टकऱ्याची पगारवाढ दुसऱ्या कष्टकरी बाईच्या भंगारातून भागवत होतो, आणि समितीच्या वहीत याची एक ओळही नव्हती. शेवटी खोकी मावशींकडे द्यायची, सुरक्षारक्षकाच्या पगारात सोसायटीने भर घालायची आणि शुल्क थोडे वाढवायचे असे ठरले. सुरक्षारक्षक एका एजन्सीचा आहे. त्याच्या मागे कोणतीही संघटना नाही, म्हणून त्या बैठकीत त्याच्या बाजूने बोलायला कोणी नव्हते. भर घालायची सूचनाही कार्यकर्तीनेच केली.

मला या बैठकीत सामूहिक सौदेबाजीचे सगळे घटक दिसले : दोन बाजू, मध्ये कागद, एका मागणीतून निघालेली दुसरी मागणी आणि दोघांनाही थोडे कमी मिळालेली तडजोड. कारखान्यात हेच दर तीन वर्षांनी वेतनकराराच्या नावाने होते. फरक एवढाच, की कारखान्यातला मालक आपण मालक आहोत हे जाणून असतो. आपण मात्र ग्राहकाच्या खुर्चीत बसून मालकाची हुकमत गाजवतो, आणि जबाबदारीचा विषय निघाला की ‘हे पालिकेचे काम आहे’ म्हणून मोकळे होतो.

सेवेच्या उणिवा याच नात्यातून निघतात. पहिली म्हणजे शुल्कवसुली. दारोदार फिरून पैसे मागण्याचे काम वेचक बाईलाच करावे लागते; दार बंद, सुट्टे नाहीत, साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या, असे करत काही घरांचे शुल्क बुडतेच, आणि कचरा मात्र त्या घरांचाही उचलावा लागतो. दुसरी म्हणजे सुटी. पगारी रजा नाही, तेव्हा आजारपणात बदली ठेवायची तर तिचे पैसे बहुधा तिच्याच मिळकतीतून जातात. माथाडी मंडळातल्या हमालाला ज्या अर्थाने भविष्य निर्वाह निधी मिळतो त्या अर्थाने हिला तो नाही. सेवा स्वस्त आहे असे मी वर म्हटले. ती स्वस्त असण्याचे कारण हेच आहे, की वाहतुकीच्या, सुटीच्या आणि म्हातारपणाच्या खर्चाचा मोठा वाटा शुल्कात धरलेलाच नाही. ही तक्रार मी संस्थेविरुद्ध करत नाही. ती करारावर सही करणाऱ्या दुसऱ्या पक्षाविरुद्ध, आणि शुल्कवाढीला दर वेळी आडवे येणाऱ्या आपल्यासारख्यांविरुद्ध आहे.

सॅनिटरी पॅड आणि डायपर यांचा प्रश्न स्वतंत्रपणे सांगण्याजोगा आहे. ‘स्वच्छ’ने लाल ठिपक्याची मोहीम चालवली : वापरलेले पॅड कागदात गुंडाळून त्यावर ठळक लाल ठिपका काढायचा, म्हणजे निवडताना ते हाताने उघडावे लागत नाही. याच संघटनेने आणखी एक पाऊल उचलले, आणि ते मला अत्यंत कल्पक वाटते. वापरलेले पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवण्यात आले. जिच्याशी कसलेही नोकरीचे नाते नाही, त्या कंपनीच्या उत्पादनामुळे आपल्या कामाची जागा घाण होते, म्हणून तिलाही बोलणीच्या टेबलावर ओढायचे, हा युनियनगिरीचा नवा प्रकार होता. २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी पॅडबरोबर वेष्टन द्यावे अशी तरतूद आली. दुकानातून आणलेल्या पाकिटात ते वेष्टन आहे का, हे प्रत्येकाने स्वतः पाहावे.

नियमित संकलनाखेरीज ही संस्था जुने कपडे, फर्निचर आणि ई-कचरा गोळा करण्याची सोय करते, आणि गणेशोत्सवात विसर्जन घाटांवर तिचे सभासद निर्माल्य वेगळे घेताना दिसतात. या सेवांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. त्या उपयुक्त आहेत आणि वापराव्यात.

कोणी मला विचारले, की ठेकेदाराच्या बंद गाडीपेक्षा ही व्यवस्था तुम्हाला का बरी वाटते, तर मी भावनेचे कारण देणार नाही. ठेकेदाराला वजनावर पैसे मिळतात अशी व्यवस्था असेल, तर कचरा जितका जास्त तितका त्याचा फायदा. तो कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतील डेपोत गेला काय आणि न गेला काय, ठेकेदाराला फरक पडत नाही. तेथील ग्रामस्थांनी पुण्याच्या कचऱ्याविरुद्ध किती वेळा रस्ता अडवला हे पुणेकरांना सांगायला नको. वेचक बाईचे उत्पन्न मात्र कचऱ्यातून जे बाहेर काढले जाते त्यावर आहे, त्यामुळे डेपोत जाणारा माल कमी करण्यात तिचा स्वतःचा स्वार्थ आहे. तिचा हा स्वार्थ आणि शहराची गरज एका दिशेने वळवणे, हे संघटनेने केलेले मोठे काम आहे, आणि त्यासाठी तिला कोणी बक्षीस द्यावे अशी माझी अपेक्षा नाही; करार वेळेवर व्हावा आणि भंगारावरचा हक्क शाबूत राहावा, एवढे पुरे आहे.

नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी काही सूचना. शुल्क किती हे शेजाऱ्याला न विचारता समितीने संस्थेशी काय ठरवले आहे ते पाहावे, आणि शक्य असेल तर ते सोसायटीच्या देखभाल शुल्काबरोबरच गोळा करून महिन्याच्या ठरलेल्या तारखेला एकरकमी द्यावे, म्हणजे दारोदार मागण्याचा प्रकार संपतो. दिवाळीला फराळ आणि साडी देण्याची पद्धत चांगली आहे, पण तिला बोनस समजू नये. बोनस द्यायचा असेल तर एका महिन्याचे जादा शुल्क द्यावे. तक्रार असेल तर जिन्यात आवाज न चढवता संस्थेच्या समन्वयकाला कळवावी. काच फुटली असेल तर ती कागदात बांधून वर लिहावे. आणि खोकी कोणाकडे जातात, हे आपल्या समितीला पहिल्याच सभेत विचारावे.